सुप्याचा दंगा शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं असतं तर "कशाला हे नसते उद्योग" म्हणून तुमचा फोन आला असता. अकरावी-बारावीला आपल्या कला शाखेच्या वर्गात जे बसले, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल. सध्या बी.ए.ला इतिहास विशेष घेतलाय. मध्यंतरी दख्खनच्या दंग्यांवर, म्हणजे १८७५ मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावावर, टिपण लिहायचं होतं. मैत्रिणी पुस्तकं धुंडाळत होत्या आणि मला कशानंतर काय झालं हे न बघता सांगता येत होतं. ते तुमच्यामुळे. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आता मानते.

इतिहासाच्या तासाला तुम्ही फळ्यावर व्याजाचं गणित मांडलं होतं. मागच्या बाकावरून "मॅडम, तास चुकला काय?" असं कुणीतरी विचारलंही. कुळाने, म्हणजे कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याने, सावकाराकडून शंभर रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचं व्याज ७२. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा, म्हणून तीन वर्षं भरली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यात मुद्दल लिहायचा १७२. पुढच्या तीन वर्षांनी २९६. मग ५०९. बारा वर्षं झाली तेव्हा आकडा ८७५, आणि मधल्या काळात कुळाने नवा पैसाही उचललेला नाही. खडू खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "हा कायदा कुणाच्या भल्यासाठी केला होता?" वर्ग चिडीचूप. कायदा कुळाच्याच भल्यासाठी होता, व्याज तुंबत जाऊ नये म्हणून!

आमच्यातल्या निम्म्याअधिक घरांत दर मार्चला गावच्या सहकारी सोसायटीचं शेतीकर्ज नवं-जुनं होतं, त्यामुळे डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. तुम्ही मात्र लगेच बजावलंत, तेव्हाचा सावकार आणि आजची सोसायटी एका मापाने मोजू नका. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही ही दामदुपटीची जुनी रीत होती, तीही गुंडाळून ठेवली गेली. पुढे दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं, हे ऐकल्यावर फळ्यावरचे ८७५ सुद्धा सौम्य वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जगाचा नकाशा टांगलात आणि सुप्याच्या दंग्याचं मूळ दाखवा म्हणालात. आमची बोटं पुण्याच्या आसपास घुटमळली. तुम्ही बोट ठेवलंत अमेरिकेवर. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कापूस तिथून यायचा. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, माल अडकला आणि १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणारा बहुतांश कापूस हिंदुस्थानचा झाला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना उचल दिली, त्यांनी खेड्यातल्या सावकारांना, त्यांनी कुळांना. कापूस लावला की एकरी शंभर रुपये हातात. आपल्या भागात बाजरी-ज्वारीच जास्त, कापूस खरा खानदेश-वऱ्हाडाचा, पण पैसा खेळायला लागला की तो एका पिकापुरता राहत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. (मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंदांनी दिलेली देणगी याच तेजीच्या काळातली. टॉवर बघायला गेले तेव्हा सोबतच्यांना हे सांगून मी बरंच पकवलं.)

१८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. मुंबईत कंपन्या बुडाल्या त्याची चर्चा फार झाली. खेड्यात काय झालं? उचल बंद, जुनी वसुली सुरू. आणि नेमकी त्याच सुमाराला साऱ्याची, म्हणजे सरकारी जमीन महसुलाची, तीस वर्षांची मुदत संपली. इंदापुरापासून सुरू झालेल्या रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या) मोजणीची फेरआकारणी आली आणि सारा कुठे दीडपट, कुठे दुप्पट झाला. साऱ्याला रोख पैसा लागायचा, तो द्यायला सावकाराशिवाय कुणी नाही, आणि सावकार आता हात आखडून बसलेला. या कोंडीवर तुम्ही दोन तास घेतलेत. पोर्शन मागे पडतोय म्हणून वरून तुम्हाला बोलणीही बसली असणार, तुम्ही ते आम्हाला कधी जाणवू दिलं नाहीत.

दंग्याआधीचा बहिष्कार मला जास्त भिडला, कारण तो आमच्या शिरूर तालुक्यातला. १८७४ मध्ये कर्ड्यात ठरलं की सावकाराच्या दुकानातून कुणी काही घ्यायचं नाही, त्याचं शेत कुणी कसायचं नाही. न्हावी हजामत करणार नाही, परीट कपडे धुणार नाही, चांभार जोडा शिवणार नाही. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. कर्ड्याहून मी कितीदा गेले असेन, पण तिथे असं काही घडलं हे मला तुमच्या वर्गात कळलं.

मग १२ मे १८७५, सुपं. पारनेरचं नव्हे, बारामती तालुक्यातलं, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. बाजारपेठेचं गाव, सावकारांची दुकानं बरीच. आसपासची कुळं गोळा झाली, वह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, एका सावकाराचं घरही पेटवलं. पुढच्या दोन महिन्यांत नगर जिल्ह्यासह तिसाहून जास्त गावांत हेच झालं. तुम्ही आमचं लक्ष वेधलंत ते एका गोष्टीकडे: जिथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुतेक वेळा जमाव पुढे काही न करता निघून गेला. मारझोड झाली ती कागद द्यायला नकार मिळाला तिथे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना आपला शत्रू कोणत्या फडताळात आहे हे नेमकं ठाऊक होतं. ही शेवटची ओळ माझ्या टिपणातली आहे, पण उचललेली तुमच्याकडूनच.

त्या तासाला कुणीतरी सावकारांच्या जातीवरून शेरा मारला. तुम्ही चिडला नाहीत. "बरं, आणि सारा कोण वसूल करत होतं? त्याचं आडनाव सांग," एवढंच म्हणालात. तो मुलगा अजून तुमचं नाव काढतो.

माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा तास अहवालाचा. लष्कर आलं, ९५१ जणांना अटक झाली, पुढे मुंबई सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. कुळांचे आणि सावकारांचे जबाब, पिकांचे भाव, व्याजाचे दर, सगळं त्यात आहे. निष्कर्ष असा की सरकारी साऱ्याचा यात दोष नाही, दोष सावकारांचा. आम्ही तो उतरवून घ्यायला लागलो तर तुम्ही थांबवलंत. अहवाल कुणी लिहिला? सरकारने नेमलेल्या माणसांनी. सावकाराने कुळाला लुटलं हे खरंच. पण कुळ सावकाराच्या दारात का गेलं, या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्याला अडचणीचं होतं. आणि गंमत अशी की कुळांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते याच अहवालातून. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज त्यात आहे: घरखर्च भागत नाही म्हणून पैसा, कपडा, धान्य सावकाराकडे मागावं लागतं आणि कडक अटींचा रोखा लिहून दिल्याशिवाय ते मिळत नाही. हे कलेक्टरच्या टेबलावर होतं! ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याच्याशिवाय चालतही नाही, हा अडकित्ता तुम्ही आम्हाला अकरावीत दाखवलात. बी.ए.ला आल्यावर कळलं की त्यालाच साधनचिकित्सा म्हणतात आणि त्यावर वेगळा पेपर असतो.

१८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, आणि रोख्यावर लिहिलंय तेवढंच खरं न धरता मूळ व्यवहार काय होता ते न्यायाधीशाने तपासायचं. मला तो आता फार मोठा वाटतो. सुप्यात कागद जाळणाऱ्यांना, कागदावर आहे ते खरं नाही, एवढंच तर सांगायचं होतं.

याचा घरी झालेला परिणाम तुम्हाला माहीत नाही. दादा, म्हणजे माझे वडील, पीककर्जाच्या कागदांवर पेन्सिलची फुली दिसेल तिथे सही करत आले. आता मी शेजारी बसते, पान उलटू देत नाही, विम्याचा हप्ता कुठून आला ते विचारते. समोरचा माणूस घड्याळ बघतो. दादांना आधी संकोच वाटायचा, आता तेच म्हणतात, थांबा, पोरगी वाचतेय.

मोडीचा वर्ग लावलाय. अक्षरं ओळखता येतात, शब्द तोडताना अजून घाम फुटतो. तुमच्या सासरी माळ्यावर जुन्या खतांची, म्हणजे व्यवहाराच्या कागदांची, एक पिशवी आहे असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. दिवाळीच्या सुट्टीत येते, दोघी मिळून वाचायला बसू. तोवर तिला वाळवी लागू देऊ नका.

तुमची विद्यार्थिनी