दुसरं नाव

प्रिय बंड्या,

तुमच्या दोघांच्या जॉइंट खात्यासाठी बँक निवडायचा तुझा तक्ता मिळाला. चार बँका, सात रकाने आणि व्याजदराच्या रकान्याला पिवळा रंग. नोकरी बदलतानासुद्धा तू एवढी आकडेमोड केली नव्हतीस. खाली विचारलंयस, 'यातली कुठली?' फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. म्हणून लिहितोय.

आधी त्या पिवळ्या रकान्यावर फुली मारतो. घरखर्चाच्या खात्यात पैसा मुक्कामाला नसतो. पगार येतो, आठवड्याभरात भाडं, हप्ता, वीज असं करत निघून जातो. तरी धरून चालू की वर्षभर सरासरी एक लाख पडून राहिले आणि एका बँकेने दुसरीपेक्षा अर्धा टक्का जास्त दिला. फरक किती? वर्षाला ५००. महिन्याला बेचाळीससुद्धा नाहीत. खरोखर शिल्लक पडली तर तिची मुदत ठेव करायची, आणि ठेव कुठल्याही बँकेत करता येते. त्यासाठी रोजच्या खात्याची बँक ठरवायची गरज नाही.

आता तुझ्या तक्त्यात नसलेला आठवा रकाना. त्याचं नाव ठेव 'दुसरं नाव'. जॉइंट खात्यावर दोन नावं असतात. पहिल्याशी सगळ्याच बँका नीट वागतात, बँक कळते ती दुसऱ्या नावाशी कशी वागते त्यावरून. मला हे कळायला पित्ताशयाचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

ते ऑपरेशन तुला आठवतंय, पण खालच्या मजल्यावर काय झालं ते मी कधी सांगितलं नाही. आमचं तेव्हा एकच खातं होतं. लग्नानंतर हिने मोठ्या उत्साहाने स्वतःचं खातं बंद करून सगळं जॉइंटमध्ये आणलं होतं, 'आता तुझं माझं कशाला' म्हणून. मला आत नेलं आणि काउंटरवाल्याने हिला उरलेली रक्कम भरायला सांगितली. खात्यात पैसे होते. हिच्याकडे कार्ड नव्हतं, कारण खातं उघडताना कार्ड एकच आलं, माझ्या नावाचं. दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चेक ते घेत नव्हते. मग हिने माझं लॉगिन वापरून पैसे पाठवायला घेतले. पासवर्ड तिला माहीत होता. पण ओटीपी गेला माझ्या फोनवर. फोन माझ्या कपड्यांबरोबर पिशवीत, पिशवी हिच्याच मांडीवर. आतून टिंग वाजलेलं तिला ऐकू आलं. फोन उघडायला लागतो माझा अंगठा, आणि तो त्या वेळी ऑपरेशन टेबलावर. पिन मी नुकताच बदलला होता. असे तीन ओटीपी तिच्या मांडीवर आले आणि मुदत संपून गेले. शेवटी तिच्या भावाने पैसे भरले.

मी घरी आल्यावर ही एकटी शाखेत गेली, आपला नंबर खात्याला जोडून घ्यायला. तिथल्या माणसाने, सभ्य होता बिचारा, स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली. मोबाइल नंबरासाठी चौकट एकच होती, आणि ती पहिल्या खातेदाराची. 'साहेबांना घेऊन या,' म्हणाला. हिने पासबुक पुढे केलं. पासबुकावर माझं नाव पूर्ण होतं. हिचं नाव त्यानंतर, आणि ओळीत जागा संपल्यामुळे आडनाव मधेच कापलेलं. तीन वर्षं ते पासबुक आमच्या ड्रॉवरमध्ये होतं, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

बाईचं नाव नवऱ्याच्या मागे ठेवायची ही सवय फार जुनी आहे. फ्रान्समध्ये विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर खातं उघडता यायला १९६५ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत अर्जदार बाई आहे की पुरुष, लग्न झालंय की नाही, हे पाहून कर्ज नाकारायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या हयातीतली गोष्ट. सॉफ्टवेअर नवं आलं, पण चौकट एकच ठेवणारं डोकं त्या जुन्या रजिस्टरातूनच आलं असावं, असं मला आपलं वाटतं.

तेव्हा बँक बघायला तू जाऊच नकोस. वहिनींना एकटं पाठव. त्यांनी काउंटरवर इतकंच सांगायचं, 'आम्हाला जॉइंट खातं काढायचंय, माझं नाव दुसरं असेल.' मग विचारायचं. माझा नंबर वेगळा नोंदवला जाईल का? पैसे गेल्याचा मेसेज दोघांना येईल की एकालाच? लॉगिन दोन मिळतील का, आणि मी केलेल्या व्यवहाराचा ओटीपी माझ्याच फोनवर येईल ना? कार्डं दोन पहिल्या दिवशी, की मागून अर्ज? मी एकटी आले तर पत्ता बदलता येईल? उत्तर 'हो' आलं की म्हणायचं, 'फॉर्मवर कुठे आहे ते दाखवा.' तोंडी 'हो' म्हणायला कुणाचं काय जातं! आणि समोरचा माणूस उत्तर वहिनींना देतोय की 'मिस्टर कधी येतील' विचारतोय, हेही त्यांनी बघून यावं. चार बँकांत मिळून दोन तास जातील. तुझ्या तक्त्याला त्याहून जास्त गेले असणार.

'एकमेकांचे पासवर्ड सांगून ठेवू' म्हणशील. आम्हीही तेच केलं होतं. बँकांच्या अटींमध्ये साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, त्यात नवराबायकोही आले. उद्या कुणी खात्यातून पैसे उडवले, तर बँक आधी तिथेच बोट ठेवेल.

पहिलं नाव कुणाचं, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, कारण तुझ्या मते तो प्रश्नच नाही. माझं मत उलटं आहे. ज्याला बँकेशी भांडता येत नाही त्याचं नाव पहिलं घालावं, म्हणजे त्याला सगळं आपोआप मिळतं. भांडणारा दुसऱ्या जागेवरूनही आपलं काढून घेतो. तुमच्या घरात पहिलं नाव कुणाचं असावं ते तुला कळलं असेलच.

आता फॉर्मवरचा तो एक रकाना, ज्याच्यावर लोक न वाचता खूण करतात. खातं कोणी चालवायचं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवायचं, आणि एक गेला तर दुसऱ्याने. 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिला असेपर्यंत त्याचंच राज्य, दुसऱ्याला त्याच्या पश्चात. हा तिसरा प्रकार नवराबायकोच्या घरखर्चासाठी कुणी सुचवला तर फॉर्म परत दे. दोघांच्या सह्यांचा प्रकार ऐकायला फार समंजस वाटतो, पण त्यात वीजबिल भरायलाही दोघं लागतात, आणि बऱ्याच बँका अशा खात्याला नेट बँकिंग नीट देत नाहीत. तुम्ही पहिलाच घ्या. फक्त त्याचा अर्थ समजून घ्या. दोघांपैकी एकाने सकाळी उठून सगळे पैसे काढले, तर बँक दुसऱ्याला विचारणार नाही. पैसे कोणी भरले होते हा बँकेचा प्रश्न नाही.

त्यातूनच पुढचं. भांडण झालं तर काय? (तुमचं होणार नाही, माहितीय.) साधारण रीत अशी की एकाने जरी लेखी कळवलं, 'व्यवहार थांबवा', तरी बँक एकट्याच्या सहीवर पैसे देणं थांबवते, आणि खातं पुन्हा सुरू व्हायला दोघांची संमती लागते. कुणाचं नाव काढायचं, खातं बंद करायचं, त्यालाही दोघांच्या सह्या. वहिनींनी हेही विचारून यावं: थांबवायचं पत्र दुसऱ्या नावाने दिलं तर तेवढ्याच तातडीने घेतात का?

मरणाचं बोलायला तुला आवडत नाही, म्हणून थोडक्यात. एक गेल्यावर बँक मागे राहिलेल्याला पैसे देते, पण त्याने वारसांचा प्रश्न सगळीकडे आपोआप मिटत नाही. बँकेची जबाबदारी संपणं आणि पैशावर हक्क कुणाचा हे ठरणं या अनेक देशांत वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दोघं असताना नॉमिनीचा काही संबंध येत नाही, तो दोघांच्या नंतरचा. तरी त्याची चौकट रिकामी ठेवू नकोस.

कर्जाचं मात्र सावकाश वाच. जॉइंट खात्याला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे उचलायची सोय, घेतला, तर तो अर्धा तुझा अर्धा वहिनींचा असा नसतो. पूर्ण रक्कम बँक दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते, मग ती कुणीही उचललेली असो. त्या शाखेतला कुणी 'नुसतं असू दे, लागलं तर लागलं' म्हणून ओव्हरड्राफ्ट जोडून देत असेल तर नको म्हण. आणि अटींमध्ये एक कलम शोध: एकाच्या वैयक्तिक थकबाकीपोटी जॉइंट खात्यातले पैसे वळते करून घ्यायचा अधिकार बँकेने स्वतःकडे ठेवलाय का? तुझ्या त्या जुन्या क्रेडिट कार्डाचं काय झालं, हे वहिनींना माहीत आहे ना? नसेल तर सही करायच्या आधी सांग.

ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या विम्याचा, तू रकाना केलायस, शाबास. पण त्यात नुसती 'हो' अशी खूण आहे. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक या बँकेबाहेर रांगा लागल्या, तेव्हाही तिथे विमा होताच. फक्त पूर्ण भरपाई पहिल्या २,००० पौंडांची, त्यापुढच्या ३३,००० ची ९० टक्के. माणसं रांगेत उभी राहिली ती उगीच नाही. तेव्हा मर्यादा किती, आणि जॉइंट खात्यात ती माणशी मोजतात की खात्यामागे, हे विचारायचं. अमेरिकेत जॉइंट खात्यात प्रत्येकाला २,५०,००० डॉलर, म्हणजे जोडप्याला पाच लाख. युरोपीय संघात माणशी १,००,००० युरो. भारतात २०२० पासून मर्यादा पाच लाख रुपये, पण खात्यावर दोन नावं आहेत म्हणून तिचे दहा होत नाहीत. गंमत म्हणजे त्याच दोघांनी त्याच बँकेत नावांचा क्रम उलटा करून दुसरं खातं काढलं, तर त्याला वेगळी मर्यादा मिळते. बघ, दुसरं नाव इथेही आलंच. आणि मर्यादा बँकेमागे असते. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवून ती वाढत नाही.

तुझे उरलेले रकाने, म्हणजे अ‍ॅप दिसायला कसं, एटीएम किती, कार्डावर सवलती कुठल्या, यांवर मी काही लिहीत नाही. किमान शिल्लक किती आणि ती मोडली तर दंड किती, एवढं बघ. एखाद दिवशी अ‍ॅप बंद पडलं तर जाऊन उभं राहता येईल अशी शाखा आहे का तेही बघ.

एक राहिलं. वहिनींचं स्वतःचं खातं बंद करू नका, तुझंही नको. जॉइंटमध्ये दोघांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, घर त्यातून चालवायचं, बाकी ज्याचं त्याच्याकडे. रक्कम सारखी असावी असंही नाही. आम्ही पगाराच्या प्रमाणात टाकतो. त्यावरून पहिले दोन महिने वाद झाले, मग कंटाळा आला. आता हिच्या भेटवस्तूचा मेसेज मला आधी येत नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा पित्ताशय असलेल्या प्रत्येकाला समजेल.

पुढच्या शनिवारी फॉर्म घेऊन घरी ये. वहिनींनाही आण, प्रश्न त्यांनीच विचारलेले असतील.

तुझा,
मध्या

ता. क. पत्र हिला वाचायला दिलं. म्हणते, 'नवी बँक कशी निवडायची ते सांगितलंस, आपल्या जुन्या खात्याचं नाही सांगितलंस.' ते अजून चालू आहे. बंद करायला दोघांच्या सह्या लागतात. हिची सही होऊन दीड वर्ष झालं, फॉर्म त्याच ड्रॉवरमध्ये आहे, त्याच पासबुकावर. सोमवारी जातो असं मी तिला आत्ताच सांगितलंय. ती हसली.