बाबा, नळी अजून बांधलेली आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. (बाबा, तुम्ही मात्र देवापुढे नुसते हात जोडा. वाकणं, बादली उचलणं, सगळं अजून बंद आहे.)

फोनवर बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, आई. म्हणून हे कागदावर. मुद्दाम जाड मार्करने लिहितेय, म्हणजे बाबांना स्वतःला वाचता येईल. ते दमले तर पुढचं तू वाचून दाखव, पण मधलं गाळू नकोस. तुला ती सवय आहे.

सोमवारी वाईच्या डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर ३४ सांगितलं आणि बाबांनी निकाल लावून टाकला, काचबिंदूसाठी डोळ्यात बसवलेली नळी फुकट गेली. ऑपरेशनआधी ३८ होतं, तीन आठवड्यांनी ३४. हिशेब बाबांसारखा मांडला तर तसंच दिसतं. त्यात तू आठवडाभर थेंबच बंद केलेस, "ऑपरेशन झालं, आता औषध कशाला" म्हणून. तुला रागवत नाहीये. घरी सोडताना हॉस्पिटलमधल्या माणसाने सगळं एका दमात सांगितलं, कागद इंग्रजीत, आणि मी निम्मं लक्ष बिलाच्या खिडकीकडे ठेवून मान हलवली. त्यांनी मराठीत दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या हे खरं, पण तुम्हाला नीट सांगणं माझं काम होतं. ते आता करते.

बाबा, नळी अजून उघडलेलीच नाही. ती दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

या नळ्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीत झडप असते. ती अहमद झडप. (अहमद हे ती शोधून काढणाऱ्याचं आडनाव, अहमदाबादचा संबंध नाही. तुम्ही कंपाउंडरशी त्यावर वाद घातलात म्हणे.) तुमची बिनझडपेची, मदुराईच्या ऑरोलॅबने केलेली. परदेशी नळीपेक्षा कितीतरी स्वस्त. सिलिकॉनची बारीक नळी आणि तिला जोडलेली ३५० चौरस मिलिमीटरची पट्टी, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याहूनही कमी जागा. पट्टी वरच्या पापणीआड, बाहेरच्या बाजूला, डोळा हलवणाऱ्या स्नायूंखाली सरकवलेली असते. नळीचं टोक आत, बुबुळाच्या मागच्या पाण्यात. तुम्ही विचारत होता, पाणी बाहेर कुठे पडतं. कुठेच नाही. पट्टीभोवती साठतं आणि तिथल्या तिथे जिरतं. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. डोळा ते आतल्या आत तयार करतो, दिवसाला जेमतेम अर्धा चमचा. तेवढंच तुंबलं तरी नजरेची नस दाबली जाते.

पट्टीभोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण धरतं, त्याला काही आठवडे लागतात. ते धरायच्या आत नळी मोकळी सोडली तर सगळं पाणी भसकन निघून जाईल आणि डोळा लिबलिबीत पडेल. बांध ओला असताना पाट सोडतो का आपण? म्हणून विरघळणारा दोरा बांधतात. तो साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो. तोवर प्रेशर आटोक्यात ठेवायचं काम थेंबांचंच, ऑपरेशन जणू झालंच नाही असं समजून.

साधं ऑपरेशन का नाही, हे दादाने परत विचारलं. ते दोन वर्षांपूर्वी केलं होतं, व्रण धरून बंद पडलं. या डोळ्याचं मुळात काही धड उरलेलं नाही. उजवा चौथ्या वर्षी देवीत गेला आणि राहिलेल्या डाव्यावर १९७१ साली विटी बसली. आतलं भिंग काढावं लागलं, बाहुली फाटून कोयीसारखी लांबट झाली, आणि पाणी झिरपायची जी कड असते ती त्याच दिवशी मागे ढकलली गेली असणार. अशा मारानंतरचा काचबिंदू चाळीस-पन्नास वर्षांनीही उगवतो. आजी त्या विटीवाल्या पोराला मरेपर्यंत शिव्या देत होती, त्यात तसं काही चुकीचं नव्हतं.

आता जे ऑपरेशनआधी सांगायचं मला धैर्य झालं नाही ते. बाबा, गेलेली नजर परत येणार नाही. ताटातली उजवीकडची भाजी तुम्हाला दिसत नाही, आई गपचूप ताट फिरवते, हे मी मे महिन्यात पाहिलं. ती बाजू तशीच राहील. नळी आहे ती समोरची उरलेली नजर टिकवायला. तुम्हाला वाटलं होतं पेपर परत वाचता येईल, आणि मी गप्प बसले.

नळीवर जी पांढरी चकती शिवलीय, ती नळी घासून उघडी पडू नये म्हणून. ती कुणाच्या तरी दान केलेल्या डोळ्याची आहे. "पुढच्या जन्मी आंधळा होईन" म्हणून तुम्ही नेत्रदानाचा फॉर्म भरला नव्हता. आईने तेव्हाच भरला होता, तुम्हाला न सांगता. आई, हे मोठ्याने वाचलंस ना?

सहावा आठवडा नेमका गणपतीत येतो. आरास दादा करेल, बाबा खुर्चीवर बसून सूचना देतील. त्या दिवसांत कधीतरी दोरा सुटेल आणि प्रेशर एकदम खाली येईल. एखाद-दोन दिवस धूसर वाटेल. पण डोळा दुखायला लागला, लाल झाला, किंवा कडेने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर आरती टाकून मला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. थेंब कधी कमी करायचे ते डॉक्टर ठरवतील, तू नाही.

मी थेंब लगेच परत सुरू करायला सांगितले होते, ते केलेस ना? दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ दे. थेंब टाकला की नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धर. प्रेशर कमी करायच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात त्याला घाबरू नका, शहाळं आणि केळं चालू ठेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल फडताळात आहे.

रबर बँड लावलेली बाटली सकाळ-संध्याकाळची. ती संपत आली असेल, उजेडात धरून बघ आणि मला कळव. इथून पाठवते.

तुमची,
ताई