परवाना मिळतो, हत्यार परत देता येत नाही

महोदय,

परवान्याच्या हत्यारांचा उगाच बाऊ केला जातो, खरा धोका मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टी गावाहून येणाऱ्या गावठी कट्ट्यांचा आहे, असं कालच्या अग्रलेखात वाचलं. कट्ट्यांबद्दल वाद नाही. पण जळगावातल्या चोपड्याच्या पलीकडे, उमर्टीकडे बोट दाखवलं की इकडचं काही बघावं लागत नाही, ही सोय बरी आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यातले परवाने तपासायला घेतले आणि शंभराहून जास्त रद्द करावे लागले. ते काय उमर्टीत छापले होते?

माझं दुखणं उलट आहे. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर होती. रानडुकरं पिकात शिरली की हवेत एखादा बार, एवढाच तिचा उपयोग. वडील गेल्यावर ती जमा करायला ठाण्यात गेलो. कायद्यानुसार वारसांनी विनाविलंब जमा करायची असते. अंमलदारांनी विचारलं, "परवाना कोणाच्या नावावर?" म्हटलं, वडिलांच्या. "मग त्यांनाच घेऊन या." मृत्यूचा दाखला त्यांच्या टेबलावरच पडला होता.

मग वारसांची ना हरकत, बहिणींची संमतीपत्रं, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घातले. तिथल्या लिपिकाने तर आपुलकीने समजावलं, "काका, जमा कशाला करता? नावावर करून घ्या. लोक परवान्यासाठी वशिले लावतात." तोवर बंदूक आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत. नळीला गंज चढलेला, काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर. निवडणूक लागली तेव्हा मात्र शिपाई स्वतः दारात आला, बंदूक घेऊन गेला, पोचही दिली. हुश्श केलं. निकाल लागल्यावर फोन : "तुमचं हत्यार घेऊन जा, मालखान्यात जागा नाही."

आणि परवा लग्नसराईत आमच्या आळीतल्या वरातीत एका भाऊंनी कमरेचं पिस्तूल काढून हवेत बार काढले. बंदोबस्ताचे हवालदार त्या वेळी बँडवाल्याला आवाज कमी करायला सांगत होते. शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ पासून दुरुस्ती लागू आहे. बेदरकारपणे असे आनंदाचे बार काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. भाऊंना ही माहिती कोणी दिलेली दिसत नाही. त्यांचा परवाना म्हणे 'आत्मसंरक्षणासाठी' आहे. वऱ्हाडापासून, बहुधा. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, आणि मंडपाचं कापड ती अडवत नाही, हेही कोणी सांगितलं नसावं.

असो. ज्याला हत्यार नको त्याला दहा कागद आणि जो ते मिरवतो त्याला कोणी हटकत नाही, यावर अग्रलेखात एखादी ओळ असती तर बरं वाटलं असतं.

जाता जाता एक. कट्टा पकडला की टेबलावर तो, दोन काडतुसं आणि मागे ओळीने उभे अधिकारी, असा फोटो तुम्ही हमखास छापता. त्या खटल्याचं पुढे काय झालं, आरोपीला शिक्षा झाली की तो जामिनावर सुटला, हे मी तुमच्या अंकात कधी वाचलेलं नाही. फोटोला तीन कॉलम देता, निकालाला चार ओळी द्या.

कळावे,
एक जुना वर्गणीदार