‘टायटॅनिक’च्या अदलाबदलीचा आतबट्ट्याचा कट

महोदय,

२० सप्टेंबर १९११ रोजी ‘हॉक’ या युद्धनौकेशी टक्कर होऊन ‘टायटॅनिक’सारख्याच दिसणाऱ्या, त्याच कंपनीच्या ‘ऑलिंपिक’ या बोटीचे नुकसान झाले, म्हणून विम्याच्या पैशांसाठी तिलाच ‘टायटॅनिक’ भासवून बुडवले, हा दावा समाजमाध्यमांवर वरचेवर डोके वर काढतो. परंतु सुमारे १५ लाख पौंड खर्चून बांधलेल्या ‘टायटॅनिक’चा विमा १० लाखांचाच होता, असला आतबट्ट्याचा कट कंपनीने कशासाठी रचावा? शिवाय ‘टायटॅनिक’च्या ए डेकचा (प्रवाशांच्या फेरफटक्यासाठीच्या वरच्या मजल्याचा) पुढचा अर्धा भाग खिडक्या बसवून बंदिस्त केलेला होता, ‘ऑलिंपिक’चा अखेरपर्यंत उघडाच राहिला, आणि १९८५ मध्ये सापडलेल्या अवशेषांत तो बंदिस्त भाग स्पष्ट दिसतो. टकरीनंतरच्या दुरुस्तीत ‘टायटॅनिक’साठीचा प्रोपेलर शाफ्ट (जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा) ‘ऑलिंपिक’ला बसवला गेला, एवढाच काय तो देवघेवीचा खरा भाग.

– एक वाचक, पुणे