विषय : चिपी ते गोंदिया 'प्रवासाचा वेळ १ तास १० मिनिटे' – चुकीची माहिती व पैसे परत मिळणेबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या अ‍ॅपवर सिंधुदुर्ग (चिपी) ते गोंदिया (बिरसी) टाकलं, तर उत्तर आलं : उड्डाण अंतर ९४० किमी, प्रवासाचा वेळ १ तास १० मिनिटे. खाली हिरवी पट्टी : 'तिकिटे पाहण्यासाठी सदस्य व्हा, रु. ५९९'. गोंदियाला लेकीच्या मुलीचं बारसं होतं. हिला म्हटलं, सकाळी पेज पिऊन निघू, दुपारी जेवायला तिकडे. पैसे भरले.

भरल्यावर उघडलं ते असं : दोनदा विमान बदलायचं, मध्ये एक रात्र मुक्काम, आणि उतरायचं नागपूरला. पुढचं आमचं आम्ही बघायचं. चिपीहून गोंदियाला थेट विमानच नाही. मग १ तास १० मिनिटे कोणत्या विमानाची?

मी एस.टी.त एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे हिशेब करून पाहिला. ९४० ला ८०० ने भागलं की तुमचाच आकडा येतो. म्हणजे नकाशावर सरळ रेघ ओढली आणि मोठ्या जेटचा वेग लावला. अशा छोट्या विमानतळांवर बहुधा पंख्याची एटीआर विमानं येतात, त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात अर्धा तास जातो. थेट एटीआर असतं तरी सव्वादोन तासांच्या आत पोचलं नसतं. कणकवली-कोल्हापूर गाडीचा रनिंग टाइम लावताना मी फोंडा घाटात सपाटीचा वेग धरला असता, तर ड्रायव्हरांनी डेपोतच माझा सत्कार केला असता!

फोनवर तुमची प्रतिनिधी म्हणाली, "सर, ते फक्त हवाई अंतर आहे." अंतराबद्दल माझी तक्रार नाहीच, ९४० बरोबर आहे. त्याखाली तुम्ही 'प्रवासाचा वेळ' छापलाय, त्याबद्दल आहे.

शेवटी एस.टी.ने कोल्हापूर गाठलं आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. रुळांवरून तेराशे किलोमीटरहून जास्त. गोंदियाला पोचायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. नातीचं नाव आम्हाला वर्ध्याच्या अलीकडे फोनवर कळलं, तेही रेंज जात-येत असताना दोनदा विचारून. हिने शिवलेली कुंची तेव्हा पिशवीतच होती.

रु. ५९९ परत करावेत. आणि जिथे थेट विमान नाही, तिथे तसं पैसे घेण्याआधी, त्याच पानावर लिहावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवीन.

सोबत : स्क्रीनशॉट दोन, पैसे भरल्याची पावती, रेल्वे तिकिटाची प्रत.

आपला,
एक सदस्य (मुदत अजून अकरा महिने शिल्लक)