पाटाच्या काठाने चालू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिने एका दिवसासाठी नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांत चालणारी लांबट नाव, भाड्याने घेतली आणि वॉरविकशायरमधील नॅप्टन गावाजवळून ऑक्सफर्ड कालव्याने आम्ही निघालो. तीस वर्षे मखमलाबादच्या पाटाशेजारी, म्हणजे गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याशेजारी, राहणाऱ्या माणसाला त्या दिवशी जे दिसले, ते नाशिककरांपुढे मांडावेसे वाटते.

नावेची रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र दीड एस.टी.ची. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठावरून झपाझप चालणारा माणूस सहज बरोबरीने येतो. भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही, हे ऐकून मी उत्साहाने सुकाणू धरले. पण दांडा उजवीकडे ढकलला की नावेचे नाक डावीकडे वळते, हे डोक्यात बसेपर्यंत दोनदा काठाला धडकलो. मग मुलीने सुकाणू काढून घेतले आणि मला लॉकच्या कामाला लावले. ते एका परीने बरेच झाले.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेला अरुंद हौद. नाव आत घ्यायची, मागची दारे लावायची आणि लोखंडी हँडल फिरवून वरच्या झडपा उचलायच्या, की हौद भरत जातो आणि नाव त्याबरोबर वर येते. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येईपर्यंत दाराला कितीही रेटा दिला तरी ते तसूभर हलत नाही. पातळी जुळली की तेच दार दांड्याला पाठ लावून ढकलले तरी अलगद उघडते. दर वेळी वरचे लाखभर लिटरहून अधिक पाणी, आपल्या हिशेबाने दहा टँकर, खाली जाते. म्हणून समोरून नाव येताना दिसली, तर भरलेला हौद रिकामा न करता आपण थांबायचे, असा तिथला रिवाज आहे. नॅप्टनच्या नऊ लॉकमध्ये आम्ही तीनदा असे थांबलो आणि कोणाच्याही कपाळावर आठी दिसली नाही.

वर मार्स्टन डोल्सच्या पुढे अकरा मैल एकही लॉक नाही. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखायला घेतलेला आणि 1790 मध्ये ऑक्सफर्डला पोहोचलेला हा कालवा तिथे टेकड्यांच्या पोटाला धरून, समपातळी न सोडता वळणे घेत जातो. आपला पाट पाहिलेल्याला ती वळणे ओळखीची वाटतात.

रेल्वे आणि नंतर ट्रक आल्यावर या कालव्यांची मालवाहतूक संपत गेली. 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरलीही बहुतेक बसली. अनेक कालवे बुजले, काही बुजवले गेले. तरीही 1946 पासून संघटित झालेल्या हौशी मंडळींनी गाळ उपसून, दारे दुरुस्त करून कितीतरी कालवे पुन्हा वाहते केले. 2012 पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो, आणि पूर्वी ज्या वाटेने घोडे नावा ओढत, ती काठाची वाट आज चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना, गळ टाकून बसलेल्या आजोबांना मोकळी आहे.

आपला पाट शेतीसाठी आहे, त्यात नावा चालवा असे कोणी म्हणणार नाही. पण तिथे मूळ काम संपलेला कालवा जपला जातो आणि इथे पाण्याचे आवर्तन सुटले की आजही निफाडकडच्या शेतकऱ्याची वाट पाहणे संपवणारा डावा कालवा शहराच्या हद्दीत प्लास्टिक, निर्माल्य आणि बांधकामाच्या राडारोड्याची जागा झाला आहे. उजव्या कालव्याची आठवण नाशिकरोडकडे ‘कॅनॉल रोड’ या नावापुरती आहे.

मागणी साधी आहे. पाटाच्या भरावावरची सेवावाट मखमलाबाद ते म्हसरूळ या टप्प्यात तरी वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना खुली करावी, भरावाला धोका होणार नाही एवढ्या अंतरावर करंज, कडुनिंब लावावेत, पाण्यात उतरायची जिथे शक्यता आहे तिथे कठडे घालावेत. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामे चालली असताना पाटाची एक फूटही जागा रुंदीकरणात जाऊ नये. सफाईसाठी माणसे हवी असतील, तर आमच्या कॉलनीतले आठ-दहा सेवानिवृत्त पुढच्या आवर्तनाआधीच्या रविवारी फावडी-घमेली घेऊन यायला तयार आहेत; पाटावर उतरायची लेखी परवानगी तेवढी मिळावी.

आपला,
एक वाचक, मखमलाबाद रोड, नाशिक