दोन्ही पायांना बधिर क्रीम लावण्याआधी

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस की केस काढायच्या लेझरच्या आधी मांडीपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांना बधिर करणारं क्रीम चोपडणार आणि वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळून तासभर बसणार. "प्रिस्क्रिप्शन लागत नाही, म्हणजे त्यात घाबरण्यासारखं काय असणार," असंही म्हणालीस. तू घाईत होतीस, म्हणून मी नुसतं 'नको' म्हटलं. पण नुसत्या 'नको'वर ऐकणारी तू नव्हेस, म्हणून कारण लिहिते.

असं औषध निर्धोक मानलेलं असतं ते आतल्या कागदावर लिहिलेल्या वापरापुरतं. किडा चावलेली जागा, सुई टोचायची जागा, जरासं खरचटलेलं. फार्मसीच्या काउंटरमागे माझी इतकी वर्षं गेली. किती टक्क्यांचं आहे, हे लोक हमखास विचारतात. किती अंगाला लावलं तर चालेल, हे क्वचितच कुणी विचारतं. एक गोळी घ्यायची की दहा, हे आपण मोजतो. मलमाच्या बाबतीत किती जागेला लावलं, हाच डोस असतो, आणि तो कुणी मोजत नाही.

तू मोजून बघ. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण १ टक्का. एक पाय १८ टक्के, दोन्ही मिळून ३६. पावलं सोडलीस तरी तीसच्या आसपास. म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून जेवढं औषध रक्तात उतरतं, त्याच्या तीसपट.

या क्रीममधलं औषध लिडोकेन. डॉक्टर त्याला लिग्नोकेनही म्हणतात. ४ टक्क्यांच्या ३० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये ते १२०० मिलिग्रॅम असतं. हेच औषध टोचून द्यायचं, तर नुसत्या लिडोकेनची मोठ्या माणसासाठीची मर्यादा साधारण ३०० मिलिग्रॅम. क्रीममधलं सगळं आत जात नाही, धड कातडीतून थोडंच जातं, हे खरं. पण ते 'थोडं' तू वाढवायला निघाली आहेस. वस्तऱ्याने केस काढलेल्या कातडीवर बारीक ओरखडे असतात, त्यातून औषध लवकर शिरतं. वर फिल्म गुंडाळली की खाली ऊब आणि ओल साठते, कातडी मऊ पडते आणि शोषण आणखी वाढतं. जाड थर, मोठी जागा, फिल्म, तासभराचा वेळ, हे सगळं तू एकाच दिवशी करणार आहेस.

हे घडलेलं आहे, मनू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला, त्यात दोन तरुणींच्या मृत्यूची नोंद होती. एक २२ वर्षांची, दुसरी २५. दोघींनी लेझरच्या आधी पायांना असंच क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. त्यांची क्रीम जास्त ताकदीची होती, हे मान्य. दोघींना झटके आले, शुद्ध गेली आणि त्या वाचल्या नाहीत. त्याच प्रशासनाने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं: ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेलं क्रीम घेऊ नका, मोठ्या जागेला जाड थर देऊ नका, वर काही गुंडाळू नका.

लिडोकेन नसांमधले संदेश अडवतं, म्हणून वेदना कळत नाही. रक्तात जास्त झालं की मेंदू आणि हृदयातही ते तेच करतं. आधी ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, गरगरणं. असं काही वाटलं तर क्रीम लगेच पुसून धुऊन टाकायचं आणि थेट इस्पितळ गाठायचं. तिथे क्रीम लावल्याचं पहिल्यांदा सांगायचं.

पाठीवरच्या मुरमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड वापरतेस, त्यालाही हाच नियम लाव. मुरमांपुरतं ठीक. पण मोठ्या भागाला रोज लावलं तर ते रक्तात साठून कान वाजणं, मळमळ, धाप सुरू होऊ शकते. हायड्रोकॉर्टिसोन या खाजेवरच्या स्टेरॉइड मलमाचं तर जागेवरही अवलंबून असतं: १९६७ च्या एका जुन्या अभ्यासात ते हाताच्या तुलनेत कपाळावरून सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्यावरून तेरापट शोषलं गेलं होतं. ते लावताना बोटाच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत एक रेघ पिळायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ताईच्या बाळाला तर तुझी कुठलीच ट्यूब लावू देऊ नकोस. बाळाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा खूप जास्त असते, त्यामुळे तेवढंच मलम त्याला कितीतरी अधिक पडतं.

आता लेझरचं. क्लिनिकमध्ये विचार की गार हवेने किंवा थंड पट्टीने कातडी बधिर करतात का. बऱ्याच यंत्रांत ती सोय असते. एका वेळी पायाचा थोडाच भाग करता येईल का, तेही विचार. क्रीम लागणारच असेल तर कोणतं, किती ग्रॅम आणि किती मिनिटं, हे तिथल्या डॉक्टरांनी स्वतः सांगायला हवं, तेही तुझं वजन आणि चालू गोळ्या विचारून. घरून लावून या असं कुणी फोनवर सांगितलं, तर अपॉइंटमेंट रद्द कर. डॉक्टर काय म्हणतात ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
आई